गाणं पाठांतरासाठी की पुराव्यासाठी?
इतिहास शिकवताना गाणी वापरली की सनावळ्या पटकन पाठ होतात, असं काहीजण म्हणतात. होतात की, पण तेवढ्यासाठीच गाणं वापरणं म्हणजे तलवारीने भाजी चिरणं. गाण्याचे शब्द हा त्या काळाचा पुरावा आहे, तसाच तो तपासायला द्यावा: कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी, काय सांगायचं टाळलं? अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेने १९३९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं 'स्ट्रेंज फ्रूट' घ्या (मोठ्या वर्गांतच हं). अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या झुंडहत्यांवरची ही कविता लिहिली एबल मीरोपोल या ज्यू शाळामास्तराने. तो का लिहितोय, इथूनच चर्चा पेटते. आणि आधी नुसते शब्द वाचायला द्या, चाल नंतर ऐकवा. नाहीतर मुलं अर्थ सोडून ठेका धरतात.