मोकळं बोलायची चोरी झाली आहे का?

शेळगीकर
तीस वर्षं पॉवरलूमवर काढली. मागांच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि भाषा कारखान्यातली. हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'आपला लंगडा दूधवाला गाडीवरून पडलाय, सिव्हिलला ॲडमिट आहे, आठवडाभर दूध दुसरीकडून घ्या.' दहा मिनिटांत एकामागून एक मेसेज. हा शब्द शोभत नाही, दिव्यांग म्हणा, जाहीर माफी मागा. मी लिहिलं, बावीस वर्षांची ओळख आहे, तो स्वतःच दारात येऊन 'वहिनी, लंगडा आलाय, पातेलं आणा' म्हणतो. ऐकून कोण घेतंय! ॲडमिननं मला काढून टाकलं. त्या रात्री त्याच्या उशाशी मी बसलो होतो. माफी मागा म्हणणाऱ्यांतलं कुणीही आलं नाही, साधा फोनही नाही.

2015 च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये दिव्यांग हा शब्द सुचवला. 2022 मध्ये आपल्या राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही झाला. चांगलंच आहे. पण मागच्या वर्षी त्याच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात गेलो, तर पाटी नवी आणि पायऱ्या जुन्याच, अकरा. कठडा नाही. काखेत हात घालून मी वर नेला त्याला. शब्द बदलला की काम झालं असं लोकांना वाटायला लागलंय, याचा मला संताप येतो. आणि ज्याची जीभ जुनी, तो सरळ वाईट माणूस ठरतो.

पूर्व भाग
शंभर टक्के सहमत. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत कानडी, बाजारात दखनी आणि शाळेत मराठी. आम्ही एकमेकांच्या भाषेची नक्कल करतच मोठे झालो, त्यावरून कधी कुणाचं बिनसलं नाही.

आता माझ्या मुलीचं ऐका. हिंजवडीत नोकरीला लागली. पहिल्याच महिन्यात मीटिंगमध्ये सोबतच्या मुलाला 'का बे, फाईल पाठवलास का?' म्हणाली. वरिष्ठांनी बोलावून समज दिली, असभ्य भाषा म्हणून. सोलापुरात 'बे' म्हटलं की माणूस आपला झाला. परक्याला आम्ही अहो-जाहो करतो. पोर इतकी धसकली की आता फोनवर माझ्याशीही जपून बोलते. बापाशी! मला ते फार लागतं.

होटगी रोड
शेळगीकर काका, मला दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला. डावा पाय. आमच्या वर्गात एकाच नावाची तिघं होतो. एक मोठा, एक छोटा, आणि मी लंगडा. हजेरी घेताना सरही तसंच म्हणायचे. मी हसायचो.

का हसायचो ते सांगतो. दुसऱ्यानं म्हणायच्या आत आपणच म्हटलं की घाव कमी लागतो, हे मला नववीत कळलं. मग मीच सगळ्यांना 'लंगडा आला रे' म्हणायला लागलो. सगळे म्हणायचे, काय दिलदार पोरगा आहे! घरी जाऊन मी काय करायचो ते कुणाला माहीत नव्हतं. तुमचा दूधवाला मनातून काय म्हणतो ते मला ठाऊक नाही, पण तुम्हालाही ठाऊक नाही. बावीस वर्षं तो तुमच्या दारात गिऱ्हाईक सांभाळायला येतोय. गिऱ्हाइकासमोर माणूस खरं बोलतोच असं नाही.

तुम्हाला ग्रुपमधून काढलं ते मात्र चूक. एवढ्यावरून माणूस तोडायचा नसतो. आणि पायऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून डोळे भरून आले. त्या अकरा पायऱ्या मी रोज कुठं ना कुठं चढतो.

कुंपणाबाहेर
मी सेटलमेंटमधली. सोलापुरात जुन्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण नव्यांसाठी लिहिते. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून कितीतरी जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड त्यांना ठेवलं. माझ्या आजोबांचं लहानपण तिथं गेलं. रोज हजेरी, बाहेर जायला परवानगी. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का पुसला आणि विमुक्त हा शब्द आम्हाला मिळाला. आम्ही तो दिवस अजून पाळतो.

आणि तरी मी पाचवीत असताना वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली की पहिलं दप्तर माझं उघडलं जायचं. बाईंनी कधी मारलं नाही, शिवीही दिली नाही. फक्त म्हणायच्या, 'सेटलमेंटची आहे ना, बघा जरा.' त्यांच्या मनात काही वाईट नसेल, पण मला अजून रात्री ते वाक्य आठवतं. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर 2024 मध्ये जातीवरून तुरुंगात कामं वाटून देण्याचे नियम रद्द केले, त्या वेळी विमुक्तांना सराईत गुन्हेगार धरणाऱ्या तरतुदींवरही बोट ठेवलं. म्हणजे 1871 मधला शब्द दीडशे वर्षं कागदात जिवंत होता. तुम्ही ज्याला बोलायची चोरी म्हणता ना काका, त्या शब्दावरून आमच्या अख्ख्या पिढ्यांवर चोरीचा आळ होता.

पूर्व भाग
ताई, तुमच्याबद्दल पूर्ण आदर आहे. पण 'बे' आणि 'गुन्हेगार जमात' एका तराजूत कसं घालायचं? एकात शासनाची काठी आहे, दुसऱ्यात दोस्ती.

कुंपणाबाहेर
नाहीच घालायचं. तुमच्या लेकीला समज दिली ते मलाही पटत नाही. पण हे शेळगीकर काकांना लागू होत नाही. 'बे' आपण दोघं एकमेकांना म्हणू शकतो. 'लंगड्या'ला उलट म्हणायला दूधवाल्याकडं काय आहे?

मोहोळचा मास्तर
पॉलिटिकल करेक्टनेस हा शब्द 1990 च्या आसपास अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या वादातून गाजला, म्हणून आपल्याला ते बाहेरचं खूळ वाटतं. पण शब्द कोणी ठरवायचा हा वाद आपल्याकडं त्याच्या कितीतरी आधीचा. 1938 मध्ये मुंबईच्या विधानसभेत अस्पृश्यांसाठी हरिजन हा शब्द कायद्यात घालायचं चाललं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी निषेध करून सभागृहाबाहेर पडले. शब्द गोड होता, हेतूही चांगला सांगितला जात होता, पण ज्यांना तो लावायचा त्यांना तो नको होता. 2018 मध्ये केंद्रानं वृत्तवाहिन्यांना दलित ऐवजी अनुसूचित जाती म्हणा असं सुचवलं, तेव्हा बऱ्याच जणांनी विरोध केला, कारण दलित हा शब्द त्यांनी लढ्यातून स्वतः घेतला होता.

म्हणून मला शेळगीकरांच्या ग्रुपवरच्या लोकांचं वागणं खटकतं. त्यांनीही दूधवाल्याला विचारलं नाही.

माझं स्वतःचं सांगतो. वीस वर्षं मी शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्यानं वाचली, नाव आणि प्रवर्ग. कुणी तक्रार केली नाही. मग एका मुलीनं फॉर्मच भरला नाही. पैशांची खूप गरज असताना. आईनं येऊन कारण सांगितलं. तेव्हापासून एकेकाला बाजूला बोलावून सांगतो. जास्त वेळ जातो, जाऊ दे. आधीच्या वीस वर्षांतल्या पोरांचा विचार मनातून जात नाही.

बार्शी लाईट
वरून लादलेल्या शब्दाबद्दल मलाही बोलायचंय. माझे मिस्टर गेले त्याला सहा वर्षं झाली. 2023 च्या एप्रिलमध्ये विधवांना गंगा भागीरथी म्हणावं असा प्रस्ताव मंत्रालयातून आला, तेव्हा मी रडले. लग्नपत्रिकेत सासूबाईंच्या नावामागं गं.भा. बघत आले होते. तो शब्द आला की बाईनं कुठं उभं राहायचं ते ठरलेलं. त्याच्या आदल्या वर्षी, मे 2022 मध्ये, कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, आणि त्यासाठी धडपडणारे प्रमोद झिंजाडे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळ्याचे. तिथं मंगळसूत्र आणि बांगड्या न काढण्याची बात होती. मला तसं काहीतरी हवं होतं. पुतणीच्या हळदीला मला पुढं बोलवा, मग विधवा म्हणा नाहीतर नुसतं काकू म्हणा.

शेळगीकर
सगळं दोनदा वाचलं. होटगी रोडच्या मुलानं लिहिलेलं रात्रभर डोक्यात होतं. सकाळी दूधवाल्याच्या घरी गेलो, प्लॅस्टर अजून आहे. सरळ विचारलं, बाबा, मी तुला तसं म्हणतो, वाईट वाटतं का?

आधी म्हणाला, छे, तुमचं काय एवढं मनावर घ्यायचं. चहा झाला. निघताना दारापर्यंत काठी टेकत आला आणि हळू आवाजात म्हणाला, 'पोरीसमोर तेवढं नका म्हणू, मामा. ती आता कॉलेजला जाते.'

मला उत्तर देता आलं नाही. त्याची पोर कितीदा आमच्या दारात दूध घेऊन आलीय, आणि मी तिला कितीदा 'लंगड्याची का गं तू?' म्हटलंय.

तरी सोसायटीचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. ते बरोबर बोलले, पण त्यांना त्याच्याशी घेणं नव्हतं. मी चुकीचं बोललो. ग्रुपमध्ये परत घ्या म्हणून मी सांगणार नाही.

होटगी रोड
काका, ग्रुपचं राहू द्या. ते अकरा पायऱ्यांचं कार्यालय कुठलं ते मला वेगळं कळवा. आमची चार-पाच जणांची मंडळी आहे, रॅम्पसाठी अर्ज देत फिरतो. दूधवाल्यांना बरं वाटलं की त्यांनाही विचारा, येतील का. तुम्ही तर याच.

शेळगीकर
कळवतो. सोमवारी मोकळा आहे मी.