मदत हवी आहे: सोसायटीची नोटीस सभासदांच्या स्पॅममध्ये जाते

नमस्कार मंडळी. आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या नोटिसा स्वतःच्या डोमेनवरून ईमेलने जातात. हल्ली त्या बऱ्याच जणांच्या स्पॅममध्ये पडतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी फोन दाखवला: कर्जाच्या जाहिराती इनबॉक्समध्ये, आणि हिशेबाची पीडीएफ जोडलेली वार्षिक सभेची नोटीस स्पॅममध्ये, वर धोक्याची पट्टी! फार संताप आला. सभेआधी पूर्ण १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ज्येष्ठ मंडळी स्पॅम फोल्डर उघडतच नाहीत. आमचं पत्र आम्हालाच वाचायचं की नाही, हे ठरवणारं यंत्र कोण?

गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केलेत, हे वाचलं. आमच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एसपीएफची (आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, ती यादी) नोंद आहे, पण डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्कची (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, ही सूचना) नाही. होस्टिंगवाले (ज्यांच्या सर्व्हरवरून आमची मेल जाते ते) नुसतं "आमच्याकडून ओके आहे" म्हणतात.

डीकेआयएमची की (किल्ली) त्यांच्याकडूनच मागायची ना? डीमार्क सुरुवातीला 'नन'वर (म्हणजे नापास मेलवर काही कारवाई नको) ठेवू का? आणि शेअर्ड (अनेकांनी मिळून वापरायच्या) सर्व्हरचा आयपीच (इंटरनेटवरचा पत्ता) स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत असेल, तर होस्टिंग बदलण्यावाचून काही इलाज आहे का? कुणी स्वतः हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. पुढच्या महिन्यात सभा आहे.