लेडी गागा मोठी झाली की मवाळ झाली?

निशाचर_पेंग्विन:
काल रात्री झोप येईना म्हणून अमेरिकन पॉप गायिका लेडी गागाचे जुने व्हिडिओ लावून बसलो आणि डोकंच चक्रावलं. २०१० चा व्हीएमए, म्हणजे एमटीव्हीचा म्युझिक व्हिडिओंचा पुरस्कार सोहळा, बाई अंगावर कच्च्या मांसाचा ड्रेस घालून आली. २०११ ला ग्रॅमीच्या रेड कार्पेटवर एका मोठ्या अंड्यात बसून, तेही लोकांनी उचलून आणलेलं. आणि मग आपोआप पुढचा व्हिडिओ लागला तो २०१५ च्या ऑस्करचा, पांढरा गाऊन, साउंड ऑफ म्युझिक सिनेमाची गाणी एका दमात, शेवटी त्या सिनेमाची नायिका खुद्द ज्युली अँड्र्यूज स्टेजवर येऊन तिला मिठी मारतेय. मधे चारच वर्षं हो! आता प्रश्न असा की ही बाई कलाकार म्हणून वाढली, का लोक थकले म्हणून तिने गुपचूप वेष बदलला? मला दोन्ही गागा आवडतात पण एकच माणूस आहे हे पटत नाहीये. जुन्याजाणत्या लिटल मॉन्स्टर्सनी, म्हणजे गागाच्या चाहत्यांनी, उजेड पाडावा.

काळीमांजर९:
मवाळ झाली, विषय संपला. २०१३ चा आर्टपॉप आधीच्या अल्बमएवढा चालला नाही, मग लगेच २०१४ ला जुन्या पिढीतले गायक टोनी बेनेट यांच्यासोबत जॅझ, काळेपांढरे फोटो. ज्यांना ती कालपर्यंत झेपत नव्हती तेच लोक म्हणायला लागले की अरे हिला गाता येतं की! म्हणजे आधी काय आरडाओरडा करत होती का? मला राग तिचा नाही, त्या टाळ्यांचा येतो. बरं तो मांसाचा ड्रेस नुसता चमकोगिरी नव्हता. त्या रात्री तिच्यासोबत अमेरिकन सैन्यातून काढलेले समलिंगी सैनिक होते, ज्या कायद्यामुळे त्यांना काढलं त्याच्याविरुद्ध तिचं तेव्हा जोरात चाललं होतं, आणि तो कायदा रद्द करायच्या कागदावर त्याच डिसेंबरमध्ये सही झाली. एकट्या ड्रेसमुळे झाली असं मी म्हणत नाही, पण तेव्हा कपड्यांना काहीतरी म्हणायचं होतं. गाऊनला काय म्हणायचंय?

सूरबेसूर:
मांजरबाई, ड्रेसचं मान्य पण जॅझवर घसरू नका. मी थोडंफार पियानो वाजवतो म्हणून कानाने सांगतो, कपडे बाजूला ठेवा आणि ऐका. पोकर फेस ती २००९ मध्येच एकटी पियानोवर बसून गायची, ना बीट ना डान्सर, आणि गाणं जरासुद्धा कोसळत नाही, उलट चाल किती पक्की बांधलीये ते तेव्हाच कळतं. स्पीचलेस तर वडिलांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या काळातलं, तेही २००९ चंच. बॉर्न धिस वे अल्बममध्ये यू अँड आय या गाण्याला क्वीन या रॉक बँडचा ब्रायन मे गिटार वाजवतोय, आणि तिचं नावच मुळात क्वीनच्या रेडिओ गा गा या गाण्यावरून आलंय. म्हणजे सत्तरीतलं रॉक, पियानोवरची संथ गाणी, भरदार छातीचा आवाज, हे सगळं पहिल्यापासून तिथेच होतं, आपण अंड्याकडे बघत बसलो त्याला ती काय करणार. बदललं ते एवढंच की आधी आवाज सिंथच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या, मागे असायचा, नंतर तिने तो पुढे आणला.

(अवांतर: आर्टपॉप वाईट अल्बम नाहीये, गर्दी जास्त आहे. कुणीतरी चार गाणी गाळायला हवी होती.)

अर्धाकप:
+१ पण अर्धंच. तुम्ही दोघंही एक धरून चालताय की साधे कपडे म्हणजे खरी गागा आणि भडक म्हणजे सोंग, फक्त एकाला सोंग आवडतं आणि एकाला खरी. मला तर सगळीच सोंगं वाटतात, आणि हे मी कौतुकाने म्हणतेय. जोअॅन अल्बम आला २०१६ ला, एकोणिसाव्या वर्षी ल्युपस या आजाराने गेलेल्या आत्याच्या नावाचा, सगळीकडे चर्चा की आता मुखवटा उतरला. अहो त्याच्या कव्हरवरच्या गुलाबी हॅटचं काय मग? हॅट इतकी ठरवून घातलेली की नुसती बाह्यरेखा काढली तरी लोक अल्बम ओळखतील. आणि २०२३ चं ऑस्कर आठवा. स्टेजवर बिनमेकअपची, काळा टीशर्ट, फाटकी जीन्स, काय साधी राहते म्हणून लोक गहिवरले. पण त्याच संध्याकाळी कार्पेटवर ती गाऊन घालून, पूर्ण मेकअप करून फिरली होती! म्हणजे तोंड धुवून, कपडे बदलून "साधी" होऊन आली. चेहरा धुणं हासुद्धा तिचा कॉस्च्युमच.

निशाचर_पेंग्विन:
अर्धाकप हे भारी आहे, मी तो परफॉर्मन्स चार वेळा बघितला आणि गाऊनचं लक्षातच आलं नव्हतं. मग मेहेम अल्बम कुठे बसवायचा? २०२५ मध्ये परत काळे कपडे, परत अंधारी डान्स पॉप, आणि ब्राझीलमध्ये कोपाकबानाच्या किनाऱ्यावर फुकट कॉन्सर्टला वीस लाखांच्या वर माणूस. ही घरवापसी का नॉस्टॅल्जिया विकणं?

काळीमांजर९:
घरवापसी!! त्यातलं अब्राकाडाब्रा पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीवर उभी होते, पुढे काही बोलत नाही.

सूरबेसूर:
घरवापसी म्हणायला ती घर सोडून गेली होती कुठे, मधे २०२० चा क्रोमॅटिका अख्खा डान्स अल्बमच होता की. पण मेहेममधला आवाज २००८ चा नाही, नीट ऐका. तेव्हा ती शब्द मुद्दाम यंत्रासारखे तोडायची, आता त्याच जातीच्या बीटवर ओळ लांबवते, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवून घेते, आणि हे जॅझमध्येच शिकायला मिळतं कारण तिथे आवाज लपवायला मागे काही नसतं. आणखी एक, शरीराचंही बघा ना. २०१३ ला कमरेची दुखापत होऊन टूर रद्द, नंतर फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याचं, दुखणं तिने स्वतःच सांगितलं. सगळा बदल "इमेज" म्हणून मोजू नका, काही दुखण्यामुळेही झाला असेल.

अर्धाकप:
जॅझ निघालंच आहे तर मांजरीसाठी एक. २०२१ चा न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी सभागृहातला दोघांचा कार्यक्रम, बेनेट ९५ वर्षांचे, अल्झायमर झालेला. बराच काळ त्यांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. ती स्टेजवर आली आणि ते मोठ्याने म्हणाले, वॉव, लेडी गागा! नंतर मुलाखतीत हे सांगताना ती रडली. टाळ्यांसाठी टोनी बेनेट धरला म्हणताय, पण टाळ्या मिळून झाल्यावर सात वर्षांनी कोण थांबतं हो?

काळीमांजर९:
बरं. जॅझचं मागे घेते. गाऊनचं नाही.