केमिस्ट्री धरली, बॉटनी सुटली: विषय निवडीचे अनुभव

मोगरी: काल भाचीचा एफवायबीएस्सीचा फॉर्म भरत होते. मेजर केमिस्ट्री, मायनर बॉटनी, वर ओई (ओपन इलेक्टिव्ह), शिवाय व्हीएससी, एसईसी, एईसी असले कौशल्याचे नि भाषेचे कोर्स! आमच्या वेळी पुणे विद्यापीठात एफवायला चार विषय, एसवायला एक सोडा, टीवायला एकच धरा, विषय संपला. मी केमिस्ट्री धरली, पण बॉटनी सुटली तेव्हा जीव चुटपुटला होता. बटाट्यात खोड खुपसून ब्लेडने सेक्शन काढायचे, वॉचग्लासमधून ब्रशने सगळ्यात पातळ तेवढाच उचलायचा, सॅफ्रनिनच्या रंगात झायलम (पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या) लालभडक! केमिस्ट्री आणि बायो, दोन्हीकडे पाय असलेल्यांनी काय सोडलं, काय धरलं ते लिहा.

सातची_लोकल: आमच्या मुंबईत तेव्हा टीवायला थ्री युनिट (दोन विषय निम्मे-निम्मे) नाहीतर सिक्स युनिट (एकच विषय पूर्ण). मी तीन केमिस्ट्री, तीन झूलॉजी. एमएस्सी ऑरगॅनिकला गेले तर तिथे सिक्स युनिटवाल्यांचीच रांग. मग बायोकेमिस्ट्री केलं, छान चाललंय. पण मुलांनो, पुढच्या कोर्सची पात्रता आधी वाचा, मग इथला विषय सोडा. बीएडलासुद्धा मेथडसाठी (म्हणजे शाळेत शिकवायच्या विषयासाठी) पदवीचे विषय बघतात.

खडूस_काका: सॉल्ट ॲनालिसिसच्या दिवशी किप्स ॲपरेटसमधल्या हायड्रोजन सल्फाइडचा, सडक्या अंड्यासारखा वास अंगाला यायचा. बसमध्ये शेजारची सीट कायम रिकामी. एवढ्यासाठी तरी केमिस्ट्री घ्यावी.

सातची_लोकल: काका 😂😂 आम्हाला लोकलमध्ये चौथी सीट मिळायची ती अशीच.

नाशिकची_द्राक्षं: झुरळाचं डिसेक्शन कोणी केलंय? आमचे लॅबवाले मामा कँटीनमागून झुरळं आणायचे. त्यानंतर तिथला वडापाव बंद. २०१४ मध्ये यूजीसीने डिसेक्शन थांबवलं, आताची पोरं सुटली.

रानजाई: शिकवते म्हणून लिहिते, घाईत आहे, पेपर तपासणं चालू आहे. मोगरीताई, भाचीला वेळापत्रक आधी मागायला सांगा. थिअरीचं एक क्रेडिट १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. मेजर-मायनर दोन्ही लॅबचे म्हणजे दुपारी गेल्याच. आणि बायोवाली मुलं फिजिकल केमिस्ट्री बघून पळतात, पळू नका. एन्झाइम कायनेटिक्स (एन्झाइमची क्रिया किती वेगाने होते ते) त्याच गणितावर उभं आहे. उलट केमिस्ट्रीवाल्यांनी बॉटनीला नाक मुरडू नये. क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करायची पद्धत) शोधली त्स्वेत नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने, पानातले रंग खडूच्या भुकटीतून वेगळे करता करता.

खडूस_काका: मॅडम, पेपर सढळ हाताने तपासा हो.

थंडीत_कुडकुडणारी: लेक इंग्लंडमध्ये बायोलॉजी-केमिस्ट्री एकत्रच करतोय. वर्षाला १२० क्रेडिट्स, त्यातले काही मॉड्यूल सक्तीचे, उरलेले निवडायचे. भेळेच्या गाडीवर उभं राहिल्यासारखं, सगळंच हवं! त्याला इकॉलॉजीची फील्ड ट्रिप हवी होती, पण ती ऑरगॅनिकच्या लॅबवर आदळत होती. मी म्हटलं, बाबा, दोन्हीकडे उपयोगी पडेल ते घे: स्पेक्ट्रोस्कोपी, बायोइनऑरगॅनिक, स्टॅटिस्टिक्स. घेतलं की नाही कोण जाणे, फोनवर नुसतं 'हं'.

नाशिकची_द्राक्षं: 'हं' म्हणजे नाही घेतलं. माझ्याकडेही एक आहे तसला.

कासवाली: मी बॉटनीच धरली, निव्वळ टूरसाठी. कासच्या पठारावर पालथं पडून ड्रॉसेरा (किडे खाणारी वनस्पती) बघितलाय, चिकट थेंबात अडकलेल्या माशीसकट. आता फार्मा कंपनीत एचपीएलसीवर (क्रोमॅटोग्राफीचंच मशीन) बसते, म्हणजे फिरून केमिस्ट्रीच. हर्बल एक्स्ट्रॅक्टचं काम आलं की मात्र सगळे माझ्या टेबलाशी.

सातची_लोकल: कासला हल्ली बुकिंग लागतं ना? सप्टेंबरात जायचंय, सासूबाई बरोबर आहेत, चालणं किती?

कासवाली: हो, ऑनलाइन करा. शनिवार-रविवार टाळा. बाकी व्यक्तिगत निरोपात कळवते.

खडूस_काका: मूळ मुद्दा राहिला. भाचीने ओई काय घेतलं?

मोगरी: विज्ञानाबाहेरचंच लागतं म्हणे. आयकराचं काहीतरी घेतलंय.

खडूस_काका: उत्तम! जुलैत माझं रिटर्न तिच्याकडे पाठवतो. फी म्हणून केमिस्ट्रीच्या जुन्या नोट्स देईन.

मोगरी: ती रोख मागेल, काका.