अनुभव धागा: मुलांच्या सॉकर ट्रायआउट, टीम बदलणं आणि आपण पालक

अबोली_जर्सी

आमच्याकडे मध्य न्यू जर्सीत सध्या ट्रायआउटचे, म्हणजे टीममध्ये घेण्याआधीच्या निवड चाचणीचे, दिवस आहेत. त्यात २०२६-२७ च्या सीझनपासून वयोगट पुन्हा बदलतायत, १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे. इतकी वर्षं जन्मसालावर बांधलेल्या टीम्स आता मधोमध फुटणार. शेजारणीचा मुलगा नोव्हेंबर २०१४ चा. त्याचे बरेचसे दोस्त, त्याच साली पण जुलैपर्यंत जन्मलेले, तेरा वर्षांखालच्या गटात, अकरा-अकरांच्या मोठ्या मैदानावर जाणार आणि हा बारा वर्षांखालच्यातच राहणार, नऊ-नऊमध्ये. ती सांगत होती आणि मला २०१६ आठवत होतं.

तेव्हा याच्या उलट झालं होतं. ऑगस्टची तारीख काढून १ जानेवारी आणली. माझी लेक ऑक्टोबर २००६ ची. आदल्या वर्षी नऊ वर्षांखालच्या टीममध्ये होती, पुढच्या वर्षी एकदम अकरा वर्षांखालच्या! दहाचा गट तिला मिळालाच नाही. ट्रायआउटला पाठीवर नंबर लावून ही एवढीशी उभी, आणि बाजूला जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्या, तिच्याहून वीतभर उंच मुली. दोन दिवसांनी ईमेल आली, यंदा जागा नाही, पुढच्या वर्षी जरूर या. तिच्या जवळच्या मैत्रिणींना मात्र ऑफर मिळाल्या होत्या.

ईमेल तिने स्वतःच वाचली. त्या रात्री धड जेवली नाही. झोपताना म्हणाली, "आई, मग मी आता कुठे खेळायचं?" खेळू की सोडून देऊ, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आम्ही पुढचं सगळं तिच्या त्या प्रश्नावर ठरवलं. पलीकडच्या गावातला छोटा क्लब, लीगमध्ये बराच खालच्या फ्लाइटला (श्रेणीला). पण तिथली कोच प्रत्येक मुलीला निदान अर्धी मॅच खेळवायचीच. चुकलं तर जवळ बोलावून सांगायची, साइडलाइनवरून ओरडायची नाही. तिथे लेक लेफ्ट बॅक झाली, डाव्या पायाने क्रॉस टाकायला शिकली. पुढे हायस्कूलच्या व्हर्सिटीत (शाळेच्या मुख्य टीममध्ये) खेळली, आता कॉलेजात इंट्राम्युरल (कॉलेजातल्या कॉलेजात, हौसेने) खेळते आणि अजून त्या कोचला मेसेज करते.

म्हणून माझं ठाम मत आहे, क्लबचं नाव मागाहून बघा. आठवड्यातून तीन संध्याकाळी पोरासमोर कोण उभं राहणार आहे आणि मॅचमध्ये त्याला किती मिनिटं मिळणार आहेत, हे आधी विचारा. पालकांनी असं विचारलेलं चालतं!

तुमचेही अनुभव लिहा. टीम सोडताना जुन्या कोचला काय सांगितलंत, बाकीच्या आयांशी संबंध कसे राहिले, सगळं. आमच्या शेजारणीसारख्या नव्या पालकांना फार गरज आहे.

रानजाई

अगं, ऑफरच्या मुदतीबद्दल लिहायलाच हवं. आमच्याकडे २४ तास. डिपॉझिट भरा नाहीतर जागा दुसऱ्याला, आणि डिपॉझिट परत मिळत नाही. लेकाला ज्या क्लबात जायचं होतं त्यांची ट्रायआउट नेमकी त्यानंतर. मी सरळ टीम मॅनेजरला फोन केला, म्हटलं आम्हाला शनिवार-रविवार द्या, सोमवारी सकाळी नक्की कळवते. दिला वेळ! विचारायला लाजू नका. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

वाटसरू

पैशांवर कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. वर्षाची फी आमच्याकडे अडीच हजार डॉलरच्या वर, किट वेगळं, टूर्नामेंटची हॉटेलं वेगळी. ज्या वर्षी माझी नोकरी गेली (व्हिसामुळे साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा) त्याच वर्षी मुलीला ए टीमची (क्लबच्या पहिल्या टीमची) ऑफर आली. बायको म्हणाली फॉर्म भर, फार तर नाही म्हणतील. फी-मदतीचा फॉर्म भरला, निम्मी फी माफ झाली आणि उरलेली हप्त्यांनी. कोचला किंवा टीममधल्या कुणाला कळलंही नाही. बऱ्याच क्लबांकडे असा निधी असतो. आपल्या लोकांना मागायचा संकोच फार. मागा.

किट्टू

वाटसरू, __/\__ हे वाचून डोळ्यात पाणी आलं. आता नोकरीचं ठीक आहे ना?

वाटसरू

हो हो, लागली लगेच. धन्यवाद :)

पेठकरी

कोल्हापुरातनं बोलतोय. ट्रायआउट हा शब्द पुतण्यामुळं कळला, तो डॅलसला असतो. आमच्याकडं पेठेतल्या तालमीचीच फुटबॉल टीम असतीया. तालमीच्या दारात जाऊन थांबायचं, थोरली पोरं खेळताना बॉल बाहेर गेला की आणून द्यायचा, एक दिवस कुणीतरी म्हणतंय "ये रे आत". झालं ट्रायआउट.

पण टीम बदलायचा विषय निघाला तर आमच्याएवढं कुणाला ठावं नाही. सीझनच्या आधी केएसएकडं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) खेळाडू नोंदणी असते. त्या टायमाला कोण पीटीएमकडं (पाटाकडील तालीम) गेला, कोण खंडोबा तालमीकडं, कोण प्रॅक्टिस क्लबाकडं, यावर चहाच्या गाड्यावर रात्रीपातूर चर्चा. माझ्या थोरल्या भावानं एकदा पेठ सोडून दुसऱ्या तालमीकडनं सही केली. आबा महिनाभर त्याच्याशी बोलले न्हाईत. पण शाहू स्टेडियमवर त्यानं आमच्याच टीमवर गोल मारला तवा आबाच पहिले उठून उभे राहिले!! पोरगं आपलंच असतंय.

आणि आमचा अनिकेत जाधव बघा की. कोल्हापूर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळला. घर सोडून जायला लागतंय कधीकधी.

मृगनयनी_ऑस्टिन

पेठकरी, आबांचा किस्सा भारीच!

आमचं दुखणं वेगळं. क्लब बदलला आणि कारपूल गेलं. मी एकटीच आई आहे, नोकरी पाचपर्यंत, प्रॅक्टिस साडेपाचला. जुन्या टीममधल्या ज्या ताई लेकाला न्यायच्या त्या अबोला धरतील असं वाटलं होतं. त्यांनीच फोन केला, "तुझा नवा टर्फ आमच्या वाटेवरच आहे, मी सोडत जाईन". वर्षभर सोडलं. त्यांचा मुलगा जुन्याच टीममध्ये, माझा नव्या. शनिवारी एकमेकांविरुद्ध खेळायचे आणि येताना एकाच गाडीतून.

चंद्रकोर

नवीन आहे इथे. मुलगा ८ वर्षांचा, आतापर्यंत रेकमध्ये (गावातल्या हौशी लीगमध्ये) खेळलाय. सगळे म्हणतात आत्ताच ट्रॅव्हलमध्ये (निवड करून घेणाऱ्या, बाहेरगावी मॅच खेळणाऱ्या टीममध्ये) घाला नाहीतर मागे पडेल. खरं आहे का? तो खूप लाजाळू आहे, ट्रायआउटच्या नावानेच पोटात दुखतं म्हणतो.

बेएरियाबाबा

चंद्रकोर, नका घाई करू. आमच्या धाकटीने एवायएसओमध्ये (मुलांच्या सॉकरची देशभरची संस्था) बरीच वर्षं काढली. तिथे ट्रायआउटच नसते. प्रत्येक मूल निम्मी मॅच तरी खेळणार हा त्यांचा नियम, आणि टीम्स दरवर्षी समतोल करून नव्याने पाडतात. ती बाराव्या वर्षी स्वतःहून म्हणाली आता मला ट्रायआउट द्यायची आहे. तेव्हा पोट दुखलं नाही.

थोरल्याचं सांगतो. गोलकीपर. नववीला जाताना दोन ऑफर, एक एमएलएस नेक्स्टची, एक ईसीएनएलची (दोन्ही मुलांच्या देशपातळीवरच्या लीग). घरात पहिलीसाठीच उड्या. पण तेव्हा एमएलएस नेक्स्टवाल्यांना सहसा शाळेच्या टीमकडून खेळता यायचं नाही, ईसीएनएलमध्ये येतं. आमच्याकडे हायस्कूल सॉकर हिवाळ्यात असतो. पोरगा म्हणाला बाबा, मला शुक्रवारी रात्री दिव्यांखाली आपल्या शाळेच्या जर्सीत उभं राहायचंय, सगळा वर्ग बघायला येतो. चौदा वर्षांच्या मुलाला इतकं स्वच्छ कळत असेल तर आपण त्याला अडवू नये, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

जुन्या कोचबद्दल: ईमेल नको, प्रत्यक्ष भेटा. मुलाला बरोबर न्या. आमच्याने कोचचे आभार मानले, हात मिळवला. तोच कोच पुढे त्याला गेस्ट प्लेयर म्हणून टूर्नामेंटला बोलवायचा.

किट्टू

कारपूलवरून आठवलं, सकाळी आठची मॅच असेल तर मुलांना खायला काय देता? केळं सोडून. माझी केळ्याकडे बघतही नाही.

रानजाई

राजगिऱ्याचे लाडू! मध्यंतराला संत्र्याच्या फोडी. स्नॅक ड्यूटीला एकदा लाडू नेले, अख्ख्या टीमने मागून खाल्ले. फक्त आधी मॅनेजरला विचार, शेंगदाण्याची ॲलर्जी असते कुणाकुणाला, मग शेंगदाणे घातलेले नको.

मृगनयनी_ऑस्टिन

+१ लाडू

पेठकरी

एक विचारू का. पुतण्याचा पोरगा हेडिंगच करत न्हाई. व्हिडिओ बघितला, बॉल डोक्यावर आलेला सोडून दिला. भ्याला का काय?

बेएरियाबाबा

नाही काका, नियमच आहे. यूएस सॉकरने २०१५ मध्ये ठरवलं, दहा वर्षांपर्यंत हेडिंग बंद, मेंदूला मार बसू नये म्हणून. अकरा ते तेराला सरावात मोजकंच. मॅचमध्ये लहानांनी हेड केला तर फ्री किक जाते समोरच्याला.

पेठकरी

आस्सं व्हय. मग शहाणं आहे पोरगं. सांगतो त्याच्या आज्जीला, ती काळजीत होती.

चंद्रकोर

बेएरियाबाबा, खूप आभार. आज मुलाला विचारलं, रेकमध्येच राहायचं म्हणाला, आणि वर "माझा कोच तोच असेल ना?" कोच म्हणजे त्याच्या वर्गमैत्रिणीचे बाबा आहेत. उद्या विचारते त्यांना.

अबोली_जर्सी

चंद्रकोर, नक्की विचार! बऱ्याच ठिकाणी नोंदणीच्या फॉर्मवर कोचची किंवा एका मित्राची विनंती लिहायला जागा असते, ती रिकामी सोडू नकोस.

रानजाई, ते कुकरनंतरचं राहिलंय हं. शेवटी कुठल्या क्लबात गेला लेक?

रानजाई

दुसऱ्याच! सोमवारी सकाळी पहिल्यांना नम्रपणे नाही कळवलं. बी टीम मिळाली पण खूश आहे, सेंटर मिड खेळतो. आणि त्याचे तीन नंबरचे क्लीट्स (सॉकरचे बूट) लहान झालेत, जेमतेम वापरलेले. एडिसन-मेटुचेनच्या बाजूला कुणाला हवे असतील तर मेसेज करा, शिनगार्डही देईन सोबत.