सगळे एकाच जोडप्याची लेकरं? जनुकशास्त्राला श्रद्धेच्या दावणीला बांधू नका

गारगोटी
"आता विज्ञानानेही मान्य केलं, सगळी माणसं एकाच आईची लेकरं," हा फॉरवर्ड पुन्हा फिरू लागलाय, म्हणून हा धागा. त्याच्या मुळाशी 'नेचर'मधला १९८७ चा शोधनिबंध आहे. रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अ‍ॅलन विल्सन यांनी १४७ जणांचा मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा) डीएनए तपासला (नमुने बहुतांशी बाळंतपणानंतर पडणाऱ्या वारेचे!) आणि सगळ्यांच्या आईकडच्या रेषा सुमारे २ लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका बाईपाशी येऊन मिळतात असं मांडलं. तिला 'ईव्ह' (बायबलमधली हव्वा) हे नाव चिकटलं आणि घोळ सुरू झाला.

हा डीएनए आईकडूनच येतो. एखादीला नुसते मुलगेच झाले तर तिची ही रेषा तिथेच खुंटते, पण तिचे बाकीचे जनुक त्या मुलांमधून पुढे जाऊ शकतात. म्हणजे या 'ईव्ह'ला बहिणी, शेजारणी, सवती सगळं होतं आणि त्यांच्यातल्या कित्येकींचा वारसा आज आपल्यात आहे. वाय क्रोमोसोम फक्त बापाकडून मुलाकडे जातो; त्या रेषांचा समान पूर्वज, म्हणजे 'अ‍ॅडम', निराळाच. दोघांची कधी गाठ पडली असं मानायला काही आधार नाही. आजच्या माणसांतल्या जनुकीय विविधतेवरून पूर्वजांची प्रभावी लोकसंख्या (पुढच्या पिढ्यांना जनुकं देणाऱ्यांची अंदाजी संख्या) साधारण १०,००० निघते. आपली प्रजाती अस्तित्वात आल्यापासून ती कधी दोनवर आली होती, हे त्या विविधतेत बसत नाही. ज्याला आदाम-हव्वा मानायचे त्याने खुशाल मानावेत, जनुकशास्त्राची साक्ष काढू नये.

सोनचाफा
अर्धंच गणित मांडलंत. जनुकांचा पूर्वज वेगळा, वंशावळीतला पूर्वज वेगळा; वंशावळीतल्या पूर्वजाचा डीएनए आपल्यात उरलेला असेलच असं नाही. दोन आईबाप, चार आजी-आजोबा असं मागे जात राहा: ३० पिढ्यांवर १०० कोटींहून जास्त जागा भरायला लागतात. तेवढी माणसं तेव्हा पृथ्वीवर नव्हतीच, म्हणजे तीच तीच माणसं सगळ्यांच्या वंशावळीत येतात. रोहडे, ओल्सन आणि चँग यांनी २००४ मध्ये हेच मॉडेल चालवून पाहिलं. आज जिवंत असलेल्या सगळ्यांचा समान पूर्वज अवघ्या काही हजार वर्षांपूर्वीचा असू शकतो!

जोशुआ स्वामिदास हे संगणकीय जीवशास्त्रज्ञ आणि श्रद्धाळू ख्रिस्ती. ते २०१९ पासून हेच सांगताहेत: एक जोडपं असू शकतं, बाहेर इतर माणसंही होती, पुढे संतती मिसळत गेली. यात विज्ञानाला खटकण्यासारखं काय आहे?

गारगोटी
खटकत नाही, कारण तपासायला हाताशी काहीच ठेवलेलं नाही. त्या जोडप्याच्या डीएनएचा एक तुकडाही आपल्यात उरला नसला तरी ही मांडणी शाबूत राहते. आणि त्याच न्यायाने त्या काळातले इतर हजारो लोकही आपले सगळ्यांचे पूर्वज ठरतात. मग याच दोघांचं कौतुक कशाला?

तिरपागडे
डीएनएतले बदल ठरावीक वेगाने साचतात असं धरून काढलेलं तुमचं ते २ लाख वर्षांचं घड्याळच संशयास्पद आहे. कुटुंबांतल्या पिढ्या तपासून मायटोकॉन्ड्रियातल्या बदलांचा वेग मोजला तेव्हा तो कितीतरी जास्त आला. त्या हिशेबाने ही बाई ६,००० वर्षांपूर्वीची निघते. हे मात्र कोणी सांगत नाही.

गारगोटी
सांगतात की, वाचायला हवं. कुटुंबात दिसणारे पुष्कळ बदल किंचित अपायकारक असतात, ते पिढ्यांच्या ओघात गाळले जातात. आजचा वेग तसाच मागे ताणला तर उत्तर चुकणारच. शिवाय आता घड्याळ जुन्या हाडांवर लावता येतं. सायबेरियातल्या उस्त-इशिमचं मांडीचं हाड कार्बन कालमापनाने सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीचं ठरलं. त्या माणसाच्या डीएनएमध्ये आपल्यापेक्षा जेवढे बदल कमी, तेवढे या ४५,००० वर्षांत साचले. बायबलवरून काढलेल्या ६,००० वर्षांच्या जगात हे हाड कुठे बसवणार?

नीरज_०७
मी कॅथलिक आहे. इथे सगळे हाडं आणि जनुकं मोजताहेत, पण आमच्याकडे खरी अडचण मूळ पापाची, म्हणजे आदामाच्या पापाचा वारसा सगळ्या माणसांत येतो या शिकवणीची आहे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात एका माणसाच्या द्वारे पाप जगात शिरलं असं आहे. म्हणूनच १९५० मध्ये पोप पायस बारावे यांनी, अनेक आदिपूर्वज मानले तर ही शिकवण कशी जुळवायची ते दिसत नाही, अशी भूमिका घेतली. उत्क्रांतीवर संशोधनाला मात्र त्यांनी मनाई केली नाही. 'आदामाआधीही माणसं होती' हे तर इझाक ला पेरेर हा फ्रेंच लेखक १६५५ मध्येच सांगून मोकळा झाला होता. पुस्तक जाळलं गेलं, त्याला अटक झाली आणि मतं मागे घ्यावी लागली. तेव्हा डीएनए कुणाला माहीत होता? हा वाद प्रयोगशाळेतून आलेला नाही आणि तिथे मिटणारही नाही.

सोनचाफा
नीरज, +१. गारगोटी, एक जोडपं निवडणं हा श्रद्धेचा भाग आहे, ते तुमच्या यंत्रात दिसणार नाहीच. फक्त 'विज्ञानाने आदाम-हव्वा खोटे पाडले' असंही म्हणू नका. 'एकमेव' जोडपं खोटं पडलं, एवढंच म्हणा.

गारगोटी
म्हणतो. पण मग मला एक सांगा. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत १ ते २ टक्के डीएनए निएंडरथल या नामशेष झालेल्या मानवगटाचा आहे, म्हणजे त्यांच्याशी आपल्या पूर्वजांची मुलंबाळं झाली. तुमच्या जोडप्याबाहेरची ती माणसं 'माणसं' होती की नव्हती? होती म्हणाल तर ती मूळ पापात येतात का? नव्हती म्हणाल तर त्या मुलाबाळांची आई कोण?