बर्फ पडायची वाट पाहायची, की पाडायचा?

उतारवाट
छोट्या स्की डोंगरांनी स्नो गन, म्हणजे थंड हवेत पाणी फवारून बर्फ बनवणारी यंत्रे, घ्याव्यात की नाहीत, यावर मते हवी आहेत. छोटा म्हणजे एखाद-दुसरी लिफ्ट, माथ्यापासून पायथ्यापर्यंत दीडशे-दोनशे मीटरची उतरण, आणि उंची अशी की हिवाळ्यात कधी बर्फ पडतो, कधी पाऊस. मोठ्या रिसॉर्टचे गणित वेगळे असते, ते इथे नको.

माझे मत: घ्याव्यात, पण सगळ्या डोंगरासाठी नाही. पायथ्याचा शिकाऊ उतार आणि माथ्यावरून खाली येणारी एक वाट, एवढ्यापुरत्याच. बाकी उतार आभाळाच्या भरवशावर राहू देत.

छोट्या डोंगराचा हंगाम मुळातच आखूड. त्यातली वर्षअखेरची सुट्टी कोरडी गेली, तर नंतर कितीही बर्फ पडला तरी ते नुकसान भरून निघत नाही. मुले त्याच आठवड्यात पहिल्यांदा पायात स्की चढवतात. लागोपाठ दोन हिवाळे उतार बर्फाविना उघडा राहिला, की मुले दुसऱ्या खेळाकडे वळतात आणि शिकवणारे दुसरे काम धरतात. डोंगर असाच हळूहळू बंद पडतो.

आणि हे यंत्र काही श्रीमंत रिसॉर्टची हौस म्हणून आलेले नाही. १९४९-५० च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या ईशान्य भागात बर्फाने दगा दिला आणि स्कीचा खप घसरला. तेव्हा कनेटिकटमध्ये स्की बनवणाऱ्या वेन पियर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची या तिघांनी कॉम्प्रेसर, नोझल आणि बागेचा पाइप जोडून १९५० मध्ये स्नो गन तयार केली. आसपासचे डोंगर बुटकेच होते. गरज त्यांचीच होती.

भुरभुर
पूर्ण असहमत.

शिकाऊ उतारावर गन लावणे म्हणजे नवख्या माणसाला सर्वात टणक बर्फावर उभे करणे. आभाळातून पडणारा कण वाफेपासून सावकाश वाढतो, त्याला फांद्या फुटतात, फांद्यांमध्ये हवा राहते. ताज्या बर्फाचा घनमीटर बहुधा ५० ते १०० किलो भरतो. गनमधून निघतात ते गोठलेले थेंब, गोल आणि भरीव. तोच घनमीटर तिथे ४०० ते ५०० किलो भरतो. शर्यतीत उतरणाऱ्यांना तो आवडतो, कारण पृष्ठभाग शेवटच्या स्पर्धकापर्यंत टिकतो. पहिल्यांदा पडायला शिकणाऱ्या मुलाच्या ढोपरांना विचारा.

दुसरे, छोट्या डोंगराकडे एक ताकद असते जी मोठ्यांकडे नसते: तो थांबू शकतो. बर्फ नाही तर लिफ्ट बंद, खर्चही बंद. कर्ज काढून पंप, पाइप आणि गन बसवल्या की ती मोकळीक गेली. मग हप्ता फेडायला रोज उघडावे लागते, तिकीट वाढवावे लागते, आणि सगळी गर्दी त्या एकाच पांढऱ्या पट्टीवर कोंबली जाते.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला मॅड रिव्हर ग्लेन हा स्की डोंगर पाहा. १९४८ पासून चालू आहे, १९९५ पासून तिथे येणाऱ्यांचीच सहकारी संस्था तो चालवते, आणि बहुतेक सगळा डोंगर आजही नैसर्गिक बर्फावर आहे. लोक त्यासाठीच जातात.

उतारवाट
मॅड रिव्हर ग्लेनची उतरण सहाशे मीटरच्या आसपास आहे. तो आपल्या व्याख्येतला छोटा डोंगर नाही. शिवाय पायथ्याशी थोड्या भागात तेही बर्फ बनवतातच. मी मागतोय तेवढाच.

रात्रपाळी
गन चालवणाऱ्या चमूत काम केले आहे, म्हणून दोघांनाही एक सांगतो. बर्फ कशात बनतो हे कोणी बोलतच नाही. तो थंडीत बनत नाही, कोरड्या थंडीत बनतो. आम्ही साधे तापमान बघत नाही, वेट बल्ब बघतो, म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक दाखवतो ते तापमान; हवा जितकी कोरडी, तितके ते खाली. हवा शून्य अंशावर असून आर्द्रता ४० टक्के असेल, तर वेट बल्ब उणे साडेतीनच्या आसपास येतो आणि कामाला लागता येते. हवा उणे एक असून धुके दाटलेले असेल, तर वेट बल्बही उणे एकच राहतो आणि गनमधून नुसता गारढोण चिखल येतो. साधारण उणे दोनच्या वर नाद सोडून द्यावा. किलोभर पाणी गोठताना ३३४ किलोजूल उष्णता बाहेर टाकते, आणि ती हवेने उचलावी लागते. थेंबातले थोडे पाणी वाफ होऊन उडते तेव्हा बाकीचा थेंब गार होतो. ओलसर हवेत ते उडणे जवळपास थांबते.

रात्री तपासायची पद्धत अगदी साधी आहे. गनच्या फवाऱ्याखाली जायचे, हात पुढे धरायचा आणि जॅकेटच्या बाहीवर काय पडतेय ते बॅटरीच्या उजेडात बघायचे. कण टपटप उडून खाली गेले तर बर्फ कोरडा आहे, पाणी थोडे वाढवा. बाहीवर चिकटून काचेसारखा पापुद्रा धरला तर ओला आहे, पाणी कमी करा. हे दर तासाला, प्रत्येक गनपाशी, वारा फिरला की पुन्हा. पहाटेपर्यंत बाही इतकी कडक होते की कोपर वाकत नाही.

भुरभुर, टणकपणाचा दोष बऱ्याचदा गनचा नसतो, घाईचा असतो. बनवलेले ढीग एक-दोन दिवस तसेच ठेवायचे असतात, म्हणजे आतले पाणी निथळते. मग मशीनने पसरायचे. सुट्टी तोंडावर आली म्हणून ओला ढीग त्याच सकाळी पसरला, की रात्रीतून त्याची फरशी होते.

भुरभुर
ढीग निथळू द्यायला हवा हे पटले. पण तुमच्याच म्हणण्यातून माझा मुद्दा निघतो. बर्फ पडत नाही ते वर्ष बहुतेकदा ऊबदार वर्ष असते, आणि त्याच वर्षी गनही गप्प बसते. मग ती नेमकी कोणत्या दिवशी उपयोगी पडणार?

रात्रपाळी
थंड पण कोरड्या दिवसांत. ते असतात. ढग नाहीत, बर्फ नाही, पण रात्र निरभ्र आणि कडाक्याची. अशा लागोपाठच्या तीन-चार रात्री साधल्या तर एक उतार झाकता येतो. शिवाय पाऊस आला की भुरभुरीत वीतभर बर्फ एका रात्रीत जातो, पण गनचा दाट थर तग धरतो आणि वर पुढचा नैसर्गिक बर्फ बसतो.

ओढ्याकाठी
पाण्याचे काय? एक हेक्टरवर ३० सेंटीमीटर थर म्हणजे ३,००० घनमीटर बर्फ. घनमीटरला ४०० किलो धरले तरी १२ लाख लिटर पाणी. हे फक्त एका थराचे, एका हेक्टरचे. मधे ऊन आले तर पुन्हा.

आणि ते काढणार कधी? हिवाळ्याच्या सुरुवातीला, जेव्हा डोंगराळ ओढे खंगलेले असतात. ट्राउटसारखे मासे शरद ऋतूत खडीत अंडी घालतात आणि ती हिवाळाभर तिथेच असतात. पाण्याची पातळी उतरली की खडी उघडी पडते आणि अंडी गोठतात. छोटा डोंगर छोट्या ओढ्यावरच पंप लावतो, हे विसरू नका.

उतारवाट
म्हणून तळे हवे. पावसाळ्यात किंवा वसंतात ओढा भरून वाहतो तेव्हा भरायचे, हिवाळ्यात ओढ्याला हात लावायचा नाही. आणि हे पाणी संपत नाही. थोडे उडून जाते, बाकीचे वसंतात वितळून त्याच खोऱ्यात उतरते.

ओढ्याकाठी
उतरते, पण उशिरा. दाट थर आजूबाजूचा बर्फ गेल्यावरही टिकतो, त्याखालच्या गवताची वाढ लांबते, आणि ओढ्या-तळ्यातले क्षार त्या उतारावर येतात, जे आभाळातल्या बर्फात जवळपास नसतात. वर्षानुवर्षे हे चालले तर त्या पट्ट्यातली झाडोऱ्याची जात बदलते. तळ्यासाठी जागा सपाट लागते, आणि डोंगरावर सपाट जागा म्हणजे बहुतेकदा पाणथळ. तीच आधी खोदली जाते. तळ्याची अट मान्य, पण पाणथळीत नको. तेवढे लिहून देणार असाल तर माझा विरोध निम्मा कमी होतो.

सावलीकडा
एक तिसरा मार्ग कोणी मांडला नाही. हिवाळ्याच्या कडाक्यात बर्फाचा मोठा ढीग करायचा, त्यावर लाकडाच्या भुशाचा जाड थर द्यायचा आणि तो उन्हाळाभर राखायचा. दावोस आणि स्वीडनमधले ऑस्टरसुंद येथे क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या स्कीच्या, वाटांसाठी हे करतात. काही भाग वितळतो, पण उरलेला शरदात पसरता येतो, तेव्हा थंडीची वाट पाहावी लागत नाही.

रात्रपाळी
मार्ग चांगला आहे, पण ढीगही बहुधा गननेच करावा लागतो. भुरभुरीत बर्फ साठवायला टिकत नाही. फायदा एवढाच आणि तो मोठा आहे, की जानेवारीतल्या उत्तम थंडीत, कमी विजेवर, कोरडा बर्फ बनवता येतो. डिसेंबरच्या काठावरच्या तापमानाशी झुंजावे लागत नाही. जुन्या पद्धतीच्या गनमध्ये सर्वात जास्त वीज कॉम्प्रेसर खातो, आणि काठावरच्या रात्री त्याच पाण्यामागे हवा कितीतरी जास्त लागते. घ्यायच्याच असतील तर कमी हवेवर चालणाऱ्या उंच दांड्याच्या किंवा पंख्याच्या गन घ्या. जुन्या स्वस्तात मिळतात म्हणून उचलू नका.

भुरभुर
१९८० मध्ये लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये कृत्रिम बर्फ आधाराला होता. २०२२ मध्ये बीजिंगला जवळपास सगळी स्पर्धा त्यावरच झाली. ‘एकाच उतारापुरते’ कुठवर जाते, याची मला काळजी वाटते ती यामुळे. पहिल्या वर्षी शिकाऊ उतार, तिसऱ्या वर्षी मधली वाट, मग दुसरे तळे. आणि झाडांमधून जाणारी अरुंद वाट, जिथे गन कधी पोहोचत नाही, तिची निगा कोणी घेत नाही, कारण सगळी माणसे रात्रभर पाइपांमागे असतात. मी डोंगरावर त्या वाटेसाठी जातो.

उतारवाट
त्या वाटेसाठी मीही जातो. पण तिथवर नेणारी लिफ्ट सुट्टीतल्या शिकाऊ उताराच्या तिकिटांवर चालते. मर्यादा कागदावर हवी, हे मान्य: कोणता उतार, किती हेक्टर, तळे कधी भरायचे, आणि ते बदलायचे तर सभासदांचे मतदान.

रात्रपाळी
त्याच्याही आधी एक काम करा. डोंगराच्या पायथ्याला तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे साधे उपकरण बसवा, आणि जवळच्या हवामान केंद्राच्या मागच्या दहा हिवाळ्यांच्या तासवार नोंदी काढा. सुट्टीच्या आधीच्या सहा आठवड्यांत वेट बल्ब उणे दोनच्या खाली किती तास होता, ते मोजा. ते तास सुटे सुटे, दोन इथे तीन तिथे असे निघाले, तर पाइपही टाकू नका. गन लावून पाणी सुरळीत व्हायलाच तास जातो.

भुरभुर
हे चालेल. नोंदी इथे टाका, आणि वर्षे निवडून नका टाकू, दहाच्या दहा टाका. तास पुरेसे दिसले तरी माझे मत विरोधातच जाईल, पण मग निदान वाद खऱ्या आकड्यांवर होईल.

ओढ्याकाठी
त्याच दहा हिवाळ्यांतला ओढ्याचा प्रवाहही टाका. निम्मी उत्तरे तिथे आहेत.